कुळागराचा हिशेब एप्रिलच्या पाण्यापासून धरा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एक एकर वडिलोपार्जित कुळागर (पोफळी-माडांची मिश्र बाग) आहे. पोफळी चाळीस वर्षांच्या, मध्ये चार माड, कडेला फणस आणि भिरंडीची (कोकमाची) दोन झाडे. वर मरडावर (उताराच्या कोरड्या जमिनीवर) अर्धा एकर जुने काजू. पाडपाला (सुपारी-नारळ उतरवायला) माणूस मिळत नाही, कोळेरोगाने (पावसातल्या फळकुजीने) अर्धी सुपारी गळते. कोणी सांगतो मरडावर रबर घाला, कोणी सांगतो सागवान लावून मोकळे व्हा. झाडांच्या मिश्र बागेत खरोखर पैसा आहे का, आणि पर्यावरणाचे मोल म्हणतात त्यातले हातात काय येते?

पैसा आहे. पण तो झाड मोजून कळत नाही. पोफळीला घातलेले पाणी, खत आणि मजुरी यांवर आणखी किती पिके उभी राहतात, यावर तो ठरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या पिकाला वेगळे शिंपण लागत नाही आणि वेगळे कुंपणही लागत नाही, म्हणून त्याचे उत्पन्न बरेचसे निव्वळ उरते. आणि पर्यावरणाचे मोल म्हणजे तुमच्या झरीला एप्रिल-मे महिन्यात किती पाणी असते तेच. बाकीचे फायदे खरे आहेत, पण ते त्याच्या मागून येतात.

म्हणून रोपे आणण्याआधी पाणी मोजा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी शिंपण सुरू होण्याआधी, पाटाच्या तोंडाशी १५ लिटरची बादली लावा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. ठिबकावर एका पोफळीला उन्हाळ्यात रोज १५ ते २० लिटर पाणी लागते. २.७ मीटर बाय २.७ मीटर अंतरावर एकरात साधारण ५५० पोफळी बसतात, म्हणजे दिवसाला ११,००० लिटरपर्यंत. बादली एका मिनिटात भरत असेल तर चोवीस तासांत २१,६०० लिटर मिळतात. मग पोफळी भागून जायफळ आणि केळीलाही पुरते. दोन मिनिटे लागत असतील तर १०,८०० लिटर, म्हणजे पोफळीपुरतेच, तेही रात्रीचे पाणी तळीत साठवले तर. तीन मिनिटे लागत असतील तर यंदा एकही तहानलेले झाड वाढवू नका. आधी वरच्या मरडाचे काम करा. पाटाने मोकळे पाणी सोडण्याच्या जुन्या पद्धतीत याच्या दुपटीहून जास्त पाणी जाते, म्हणून ठिबक नसेल तर पहिला खर्च तिथे.

थर का जमतात, तेही समजून घ्या, म्हणजे कोण कुठे बसेल ते कोणाला विचारावे लागत नाही. पोफळीची बहुतेक मुळे बुंध्यापासून एका मीटरच्या आत असतात आणि तिच्या शेंड्यातून साधारण एक तृतीयांश ते निम्मा उजेड खाली येतो. मधली जमीन आणि खालचा उजेड रिकामाच असतो. तो वापरायचा, पण पोफळीच्या एका मीटरच्या वर्तुळात खोल खणायचे नाही.

पहिला पाहुणा मिरी. चाळीस वर्षांची पोफळ वेलीला चांगला आधार देते. मात्र येत्या आठ-दहा वर्षांत ज्या काढाव्या लागतील अशा वाकड्या, शेंडा बारीक झालेल्या पोफळींवर वेल चढवू नका. तिथे शेजारी नवे रोप लावून ठेवा. जातीची निवड इथे फार महत्त्वाची. पन्नियूर-१ चे घोस लांब आणि देखणे असतात, म्हणून लोक तीच मागतात, पण तिला ऊन लागते. दाट कुळागरात ती नुसतीच पाने काढते. सावलीत पन्नियूर-५ किंवा करीमुंडा बरी. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, पोफळीच्या उत्तर बाजूला, बुंध्यापासून दोन ते अडीच फूट दूर, खोल न खणता, लहान खड्डा घ्या. कंपोस्ट, थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून दोन मुळावलेली रोपे लावा आणि वेल पोफळीपर्यंत काठीवरून न्या. बुंध्याला चिकटून लावलेली वेल पोफळीच्या मुळांत गुदमरते आणि खोडावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यात कुजते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी घोस दिसू लागतात. सातव्या वर्षापासून राखलेल्या वेलीला किलोभर सुकी मिरी धरायला हरकत नाही. काही वेली दोन किलो देतात, काही पाव किलोवर राहतात. ५५० पैकी २५० पोफळींवर वेल धरली तर अडीच क्विंटलच्या आसपास. घोसात एक-दोन दाणे लाल झाले की काढणी. सोललेले दाणे सच्छिद्र टोपलीत घालून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवले की ते एकसारखे काळे होतात आणि सुकायचे दोन दिवस वाचतात. तीन किलो ओल्याची साधारण एक किलो सुकी मिरी होते. ओलावा ११ टक्क्यांहून जास्त असताना पोती भरली तर पावसात बुरशी येणार.

आता कोळेरोग. अर्धी सुपारी गळते आहे तोवर दुसरे कोणतेही पीक तुमचे नुकसान भरून काढणार नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. पोफळीचा कोळेरोग आणि मिरीचा जलद मर रोग ही दोन्ही फायटोफ्थोरा वर्गातल्या बुरशीची कामे. दोघींना थांबलेले पाणी आणि कोंदट हवा आवडते. म्हणून मिश्र बागेत चर ही पहिली फवारणी समजा. दोन ओळींआड एक चर, मुळांच्या थराहून खोल, आणि त्याचे तोंड पाटाच्या खालच्या अंगाला. मे महिन्यात चरांतला पालापाचोळा काढला नाही तर जुलैत त्यांची डबकी होतात.

बोर्डो मिश्रण विकत आणण्यापेक्षा घरी करा. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या पिंपात, एक किलो चांगला कळीचा चुना विरवून दुसऱ्या ५० लिटरमध्ये. मग मोरचुदाचे पाणी बारीक धारेने चुन्याच्या पाण्यात ओतायचे आणि ढवळत राहायचे. उलटे केले तर मिश्रण फुटते आणि घडावर चिकटत नाही. रंग आकाशी निळा यायला हवा. त्यात घासलेला कोयता किंवा सुरीचे पाते मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर बसला तर तांबे मोकळे आहे, पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा तपासा. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते उपयोगाचे राहत नाही. पहिली फवारणी मेअखेर किंवा पाऊस धरायच्या आत, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप मिळेल तेव्हा. बहुतेक बागांत दुसरी फवारणी चुकते आणि ऑगस्टमध्ये गळ लागते. फवारणारा वर चढलाच आहे तर मिरीच्या वेलीही त्याच फेरीत भिजवा. वेगळी मजुरी वाचते. गळलेली फळे आणि मेलेल्या वेलीची मुळे बागेत कुजू देऊ नका, त्यांतूनच पुढच्या वर्षीची बुरशी येते.

दुसरा पाहुणा जायफळ. कुळागरातल्या सावलीत आणि ओलाव्यात याच्याइतके मोल देणारे झाड गोव्यात दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते बियांपासून लावू नका. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायला सहा ते आठ वर्षे जातात. तोवर जागा, पाणी, खत सगळे खर्च झालेले असते. मादी झाडाची कलमे घ्या आणि दहा मादीमागे एक नर ठेवा. कलम घेताना काडी उभ्या फांदीची आहे का ते विचारा. आडव्या फांदीचे कलम झुडपासारखे पसरते आणि पोफळीच्या ओळीत चालताना अडचण होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सुगंधा’ ही जात एकाच झाडावर नर आणि मादी फुले देते. थोडीच झाडे लावायची असतील तर ती सोयीची.

चार पोफळींच्या मधोमध, दर तिसऱ्या ओळीत, असे एकरात ४० ते ५० कलमे पुरे. दाट लावली की दहाव्या वर्षी खालचा उजेड संपतो आणि केळ, हळद, सुरण सगळे बंद होते. फळे पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होतात. दहा वर्षांचे राखलेले झाड ५०० च्या आसपास फळे देते. त्यातून तीन-साडेतीन किलो सुके जायफळ आणि अर्धा किलोच्या आसपास जायपत्री. वजन जायफळाचे जास्त असले तरी जायपत्रीचा किलोचा दर त्याच्या कित्येक पट असतो, आणि नुकसानही तिथेच होते. फळे नेमकी पावसात तयार होतात. तडकलेले फळ जमिनीवर पडून एक रात्र राहिले तरी जायपत्रीवर बुरशी चढते. म्हणून ती झाडावर तडकली की काढा, पत्री न फाडता हाताने सोडवा, ७५ अंश तापलेल्या पाण्यात दोन मिनिटे बुडवा म्हणजे लाल रंग टिकतो, आणि ५० अंशांच्या आसपास ड्रायरमध्ये सुकवा. चुलीवरच्या माळ्यावर सुकवलेल्या पत्रीला धुराचा वास येतो आणि व्यापारी तेवढ्यावर दर पाडतो. जायफळ मात्र सावकाश सुकवायचे, ४५ अंशांच्या वर न्यायचे नाही, नाहीतर आतली चरबी वितळते. कवचात खुळखुळ वाजले की ते तयार. तुमच्या वाड्यावर चार बागायतदार मिळून एक ड्रायर घेतलात तर पहिल्या दोन-तीन हंगामांत त्याचा खर्च निघावा.

पश्चिमेच्या कडेचा जुना फणस कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नका. दुपारनंतरचे तिरपे ऊन पोफळीच्या खोडावर थेट पडले की साल पिवळी पडते, मग करपते, मग चिरते, आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडते. नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूला फणस, आंबा, भिरंड किंवा ओटंब यांची भिंत हवीच. नवी लागवड करताना ओळी उत्तर-दक्षिण रेषेपासून ३५ अंश पश्चिमेकडे कलवतात, तेही याच कारणासाठी. अशा फणसाचे मोल त्याच्या फळांत आणि लाकडात आहेच, पण त्याच्या सावलीत वाचलेल्या दोन ओळी पोफळी हे त्याचे खरे उत्पन्न, आणि ते कोणी वहीत लिहीत नाही.

भिरंडीचेही जायफळासारखेच: नर-मादी वेगळी, म्हणून कलमेच. बांधाच्या आतल्या अंगाला लावा, मुळे बांध धरून ठेवतात. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते आणि पहिल्या वळवाने हंगाम संपतो, त्यामुळे लवकर तयार होणारे झाड निवडणे हाच यातला सगळा नफा. ‘कोकण अमृता’ त्यासाठी चांगली. ओली फळे विकण्यापेक्षा सोलां (सुकवलेली साल) आणि आगळ (खारवलेला रस) करून विकले तर दर चांगला मिळतो. बियाही फेकू नका, त्यांचे तेल निघते.

आता मरड. रबराबद्दल एकच आकडा पाहा. चीक काढणारा माणूस दिवसाला ३०० ते ४०० झाडे करतो. अर्ध्या एकरात रबराची १०० च्या आसपास झाडे बसतील. एवढ्यासाठी दिवसाआड पहाटे येणारा कारागीर मिळणार नाही, आणि तुमची तर मूळ अडचणच माणसांची आहे. शिवाय चीक सुरू व्हायला सात वर्षे, आणि पावसाळ्यात प्रत्येक झाडाला प्लास्टिकचे छत. सागवान उथळ जांभ्या जमिनीवर वाकडे आणि पोकळ वाढते. त्याच्या रुंद पानांवरून जमा होऊन पडणारे थेंब मोठे असतात, खाली पालापाचोळा राहिला नाही की ते माती उखडतात, आणि ती माती थेट तुमच्या पाटात येते. उतारावर सलग सागवान लावू नका.

काजूच ठेवा, पण तो नवा करा. ७ मीटर बाय ७ मीटरवर अर्ध्या एकरात ४० कलमे बसतात. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ किंवा जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय संशोधन संस्थेची गोवा-१. सगळी जुनी झाडे एकदम काढू नका. चांगली बोंडे देणारी ठेवा, कारण बिया आणि बोंडे ही दोन वेगळी उत्पन्ने आहेत आणि भाटीवाल्याला (फेणी गाळणाऱ्याला) रसाळ बोंड हवे असते. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बोंडे कुजू देण्यापेक्षा भाटीशी आधी बोलून ठेवा.

प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्र बांध, आणि दोन ओळींच्या मध्ये समपातळीत दोन फूट खोल चर, सलग नाही तर तुकड्यातुकड्यांनी. बिया वेचायला सोपे जावे म्हणून फेब्रुवारीत पालापाचोळा जाळतात, ते आजपासून बंद करा. तोच पाचोळा अर्धचंद्रात ओढून ठेवा. पहिली चार वर्षे मधल्या जागेत उताराला आडवी अननसाची दुहेरी ओळ लावली तर माती अडते आणि काजू येईपर्यंत चार पैसे येतात.

काजूला मारणारी कीड दोन प्रकारची. नव्या पालवीवर आणि मोहरावर ढेकण्या येतो. त्याने डंख मारला की कोंब काळा पडून वाळतो. पालवी फुटताना आणि मोहर येताना झाडावर लक्ष ठेवा. ज्या झाडावर हुमल्यांची (तांबड्या मुंग्यांची) घरटी असतात तिथे ढेकण्या कमी असतो. वेचणाऱ्यांना त्या चावतात म्हणून घरटी जाळतात. त्यापेक्षा वेचणीच्या दिवशी अंगभर कपडे घालणे बरे. दुसरा खोडकिडा, म्हणजे रोठा. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला की लगेच पटाशीने साल खरवडून अळी काढा आणि जखमेवर ५ टक्के निंबोळी तेल फासा. पाने पिवळी पडेपर्यंत थांबलात तर ते झाड गेले. मेलेले झाड मुळासकट काढून बाहेर न्या.

मरडाच्या वरच्या हद्दीला माणग्याची एक ओळ लावा, पाच मीटरवर एक. हा भरीव, बिनकाट्यांचा बांबू कोकण-गोव्याचाच आहे. पाचव्या-सहाव्या वर्षापासून दरवर्षी फक्त तीन वर्षे जुन्या काठ्या काढा, पावसाळ्यात कधीच नाही. कुळागरापासून मात्र आठ मीटर तरी दूर ठेवा. त्याची मुळे ठिबकाच्या ओलीकडे धावतात.

आता पर्यावरणाचे मोल, रुपयांत नाही तर लिटरमध्ये. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या अर्ध्या एकर मरडावर म्हणजे ६० लाख लिटर. चर, अर्धचंद्र आणि पाचोळ्याने त्यातले ५ टक्के जास्त मुरले तर ३ लाख लिटर. हे सगळे तुमच्याच झरीतून येणार नाही, काही शेजाऱ्याच्या विहिरीत जाईल. पण त्यातले निम्मे जरी आले तरी एक एकर पोफळीचे तेरा-चौदा दिवसांचे ठिबक. मे महिन्यात हे दिवस मिळाले की नाही, यावर पुढच्या वर्षीचा घड ठरतो. वरचा सडा (जांभ्याचे पठार) चिऱ्याच्या खाणीला किंवा प्लॉटला गेला की खालच्या कुळागराची झर आटते, हे फोंडा, सत्तरी, सांगे सगळीकडे बागायतदारांना ठाऊक आहे. तुमच्या झरीच्या वरची जमीन दुसऱ्याची असेल तर त्या जमीनमालकाशी आजच बोला. तिथे आकेशिया लावला जाणार असेल तर त्याऐवजी किंदळ, मट्टी (ऐन), उंबर सुचवा.

कार्बनच्या पैशांच्या मागे लागू नका. सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन, आणि १ किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. ६०० किलो सुक्या वजनाच्या फणसाने आयुष्यभरात १,१०० किलो बांधून ठेवला. हे जगासाठी मोलाचे आहे, पण एका एकराची मोजणी आणि नोंदणी यांचा खर्च त्याच्या मोबदल्याहून जास्त होतो. पंचायतीतले पन्नास-साठ बागायतदार एकत्र आले तरच तो विषय काढावा. सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या तर फायदा जास्त जवळचा. फक्त कीटकनाशक फवारायचे तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

खताचे प्रमाण दर पोफळीला वर्षाला १२ किलो हिरवा पाला, १२ किलो कंपोस्ट, आणि साधारण २२० ग्रॅम युरिया, २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट, २३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन हप्ते करा, आणि भर पावसात टाकू नका. पाल्यासाठी बांधावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा आणि मीटरभर उंचीवर छाटत राहा. आंबट जमिनीत मिरीच्या वेलीला एक वर्षाआड अर्धा किलो चुना. झावळ्या आणि विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) बागेबाहेर जाता कामा नयेत. पत्रावळी करणाऱ्याला विऱ्या विकायच्या असतील तर तेवढ्या किमतीचे शेणखत परत आलेच पाहिजे.

पाडपाच्या माणसांचा प्रश्न मिश्र बागेने सुटत नाही, पण तो हलका होतो: सुपारी, मिरी, बोंडे आणि जायफळ वेगवेगळ्या महिन्यांत येतात, त्यामुळे एका माणसाला वर्षातले अनेक महिने काम देऊन बांधून ठेवता येते. चार दिवसांच्या कामाला कोणी येत नाही. जमिनीवरून चालवायची कार्बन फायबरची लांब काठी आता फवारणीला आणि घड उतरवायलाही वापरतात. ती एकट्याने घेण्याऐवजी शेजाऱ्यांबरोबर घ्या. माकडे आणि गवे यांचा त्रास असेल तर केळ आणि माड कमी करून मिरी, हळद, जायफळ वाढवा. यांना ती फारसा हात लावत नाहीत.

कागदाचे काम लागवडीआधी करा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर) कोणाचे नाव आहे, कुळ म्हणून कोणाची नोंद आहे, हे पाहिल्याशिवाय तीस वर्षांचे झाड लावू नये. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते, म्हणून लाकडाच्या भरवशावर कर्ज काढू नका. बांबू २०१७ पासून केंद्राच्या वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळलेला आहे. ठिबक आणि कलमांच्या अनुदानाला कृषी कार्ड लागते. विभागीय कृषी कार्यालयात अर्ज एप्रिलपूर्वी द्या, म्हणजे रोपे जूनमध्ये हातात येतील.

यंदाचा क्रम असा धरा: मार्चमध्ये मरडावरचे चर, एप्रिलमध्ये पाण्याची मोजणी, मेमध्ये बागेतले चर आणि पहिली बोर्डो, जूनमध्ये मिरी आणि काजूची कलमे. जायफळ दुसऱ्या वर्षी, पाण्याचा दुसरा आकडा वहीत आल्यावर.